लाखाला बाराने भाग जात नाही

॥ श्री ॥
पनवेल, ९ फेब्रुवारी २००४

वेणू,

चारचौघांत मी तुला वन्सं म्हणते ते आईंना बरं वाटतं म्हणून. कागदावर तू वेणूच. एका बाकावर बसून एका पाटीवर हिशेब केलेल्या मैत्रिणीला अहो-जाहो करताना लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझी जीभ अडखळते. हे म्हणत होते, फोन कर. पण तुझ्या कानांचं हे असं. शेजारच्या बाई फोन घेणार, तुझ्या कानाशी ओरडणार, अर्धं अमळनेर ऐकणार आणि मिनिटाचे पैसे आपले जाणार. त्यापेक्षा अडीच रुपयांचं अंतर्देशीय बरं.

बातमी अशी, की संक्रांतीनंतर आई दोनदा चक्कर येऊन खाली बसल्या. घाबरू नकोस, आता उठून तुळशीला पाणी घालतात. पण डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं, हृदय थकलंय, मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. आईंना कुणी काही बोललं नाही आणि त्यांना सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पंचांग काढायला लावलं. यंदा अधिक श्रावण आहे, १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत.

"पुढचा अधिक तीन वर्षांनी," त्या म्हणाल्या. "तोवर मी थांबायची नाही. वेणूच्या लाख वाती राहिल्यात."

तू नऊ वर्षांची असताना विषमज्वराने डोळे फिरवले होतेस, तेव्हाचा नवस. पोर वाचू दे, अधिकात लाख वाती लावीन. पोर वाचली, तिचं लग्न झालं, तिला सून आली, नात आली, आणि वाती राहिल्या त्या राहिल्याच. दर अधिकाला काहीतरी आड आलं.

आईंचं म्हणणं, विकतच्या वाती नकोत. निम्म्या लेकीने वळायच्या, निम्म्या सुनेने. मोजायचं त्यांच्याच रीतीने. उजव्या हाताच्या चार बोटांची बारा पेरं, त्यांवरून अंगठा फिरवायचा, पेराला एक वात. बारा वातींचा झाला एक हात. असे बारा हात डाव्या पेरांवर धरायचे, की एक जुडी, एकशे चव्वेचाळीस वातींची. तोंडाने आकडा म्हणायचा नाही, नाव घ्यायचं. नानांनी मांडलेला हिशेब मला पाठ आहे, सगळ्या मिळून सहाशे पंचाण्णव जुड्या. तीनशे सत्तेचाळीस तुझ्या. एक जास्त मी करते, सून आहे ना.

कळव. तुझ्यावाचून हे व्हायचं नाही. आईंना ह्या एकाच गोष्टीची आस लागून राहिलीय.

तुझी,
रंभा


अमळनेर, २० फेब्रुवारी २००४

रंभा,

पत्र आलं तेव्हा मी म्हशींना वैरण घालत होते. हात पुसून वाचलं, मग आत जाऊन परत वाचलं. आईला सांग, पाडव्याला सुरुवात करते. इथे कापसाला तोटा नाही. शेजारच्या वाड्यावरून सरकी काढलेला, पिंजलेला कापूस फुकट मिळेल. हे मुद्दाम तुझ्या जमाखर्चासाठी लिहिते.

सहाशे पंचाण्णव वाचलं आणि मला आपली ओटी दिसली. आपण आठवीत होतो. त्या अधिकाला आईने वाती खरंच वळायला घेतल्या होत्या. ओटीवर कापसाचा ढीग, वारा आला की आई दोन्ही हातांनी त्याच्यावर पदर धरायची. तू शाळेतून घरी न जाता थेट आमच्याकडे यायचीस. तुझी आई तळ्याच्या कडेने हाका मारत यायची आणि स्वतःच दोन हात वळून जायची. दिवाबत्तीला नाना भाताच्या गिरणीतून यायचे. केसांवर, भुवयांवर तूस. पाय धुतले, शुभंकरोती झाली, की परवचा. बेपासून तिसापर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, दिडकी. एकोणतिसात मी नेमाने पडायचे आणि तू आवाज वाढवून मला पुढच्या ओळीवर उचलून न्यायचीस. नानांना ते ऐकू यायचं. एकदाही बोलले नाहीत.

आणि आईची फजिती आठवते का? नानांनी पाटी घेतली आणि म्हणाले, अहो, तुमच्या बाराला लाख दाद देत नाही. आठ हजार तीनशे तेहतीस हात भरले तरी चार वाती उरतात. आई म्हणाली, मग तुमचा लाख चुकलाय. नाना इतके हसले की आजी आतून काय झालं म्हणून बघायला आली. मग आपल्याला समोर बसवून त्यांनी शिकवलं. तिनाने भाग जातो का बघायचं तर आकड्यांची बेरीज करा. लाखात आहे काय, एक एकटा आणि पाठीमागे पाच शून्यं. बेरीज एक. एकाला तिनाने भाग जात नाही, म्हणून लाखाला नाही, आणि ज्याला तिनाने जात नाही त्याला बाराने कुठला जायला?

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, भाग जात नसेल तर वर घालू, देवाला कमी नको. म्हणून सहाशे पंचाण्णव. लाखावर ऐंशी वाती जास्त.

पुढे पंधरा दिवसांत आजी गेली. सुतकात वाती पोत्यात राहिल्या त्या राहिल्या. पुढच्या वर्षी पोतं उघडलं तर आत उंदरांनी पिल्लं घातली होती. आई हसली होती, पण मला वाटतं, तिच्या मनातून ते गेलं नाही.

ह्या खेपेला होणार. माझ्याच जिवाचा नवस, मी नाही वळायच्या तर कुणी?

दत्ताचं शेताचं नेहमीचंच. सूनबाई रूपा शिवणाच्या वर्गाला जाते. म्हशी आणि मी घरी.

तुझी,
वेणू


॥ श्री ॥
पनवेल, २४ मार्च २००४

वेणू,

पाडव्याला गुढी उभारली आणि पहिली जुडी बांधली. आईंनी ती हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली, नाकाशी नेली आणि देवापुढे ठेवली. आता रोज दुपारी त्या माझ्या शेजारी पाटावर बसतात. डोळ्यांना दिसत नाही, पण वात सैल वळली की बोटांना कळतं. परत करायला लावतात. लग्न होऊन आले तेव्हा वरणाला फोडणी जशी परत करायला लावली होती, तशीच.

जुड्या बांधायला दोरा विकत आणला नाही. माझ्या जुन्या नऊवारीचे काठ उसवून त्याचे धागे काढले. हे म्हणतात, घरात पाऊल टाकलं की पायाला कापूस, ताटात कापूस, आता आमटीतही सापडेल. मी म्हटलं, सापडला तर बाजूला काढून ठेवा, वाया घालवू नका.

ओटी आता तुला ओळखायची नाही. समोर चार मजले झालेत, वारा अडतो. एका अर्थी बरंच, कापूस उडत नाही. पण संध्याकाळी आई कान देऊन बसतात. पूर्वी ह्या वेळेला गल्लीतल्या प्रत्येक घरातून पाढे ऐकू यायचे, एक घर सातात, दुसरं तेरात. आता मालिकांची गाणी ऐकू येतात, तीही सगळीकडे एकच. परवा मीच वाती वळता वळता एकोणतिसाचा म्हटला. आई म्हणाल्या, वेणू असती तर इथे पडली असती.

महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. कामात असशील. एक सुचवू का? मे महिन्यात इकडेच ये. दोघी मिळून ओटीवर बसून वळू. आईंचं तोंड उजळेल. दत्ताला सांग, म्हशी महिनाभर तू बघ.

तुझी,
रंभा


अमळनेर, १० एप्रिल २००४

प्रिय रंभा,

अक्षर माझं नाही, नातीचं आहे, प्रांजलचं. माझा चष्मा फुटलाय. जिल्ह्याच्या गावी टाकलाय, यायला वेळ लागेल. तोवर ती लिहील.

पाडव्याला ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. पहिले काही दिवस हात मंद चालला, आता सवय झाली. दुपारी आणि संध्याकाळी बसते. मन लागतं. तोंडात नाव असलं की दुसरं काही आठवत नाही.

मे महिन्यात येणं जमणार नाही. एक म्हैस व्यायला आलीय. आईला सांग, माझ्या वाटच्या सगळ्या जुड्या जूनअखेर पोचतील. आमच्या आळीतला काशिराम ट्रक घेऊन कळंबोलीच्या लोखंड बाजारात येत असतो. तो तुमच्या दारात पोती टाकेल. भाडं घेणार नाही.

आईला नमस्कार. तब्येत जप.

तुझी,
वेणू

मामीआजी, आजी सांगते तेवढंच मी लिहिते. तुमची प्रांजल.


॥ श्री ॥
पनवेल, २७ जून २००४

सौ. वेणूवन्सं यांस,

काशिरामने रविवारी दोन्ही पोती आणून दिली. चांगला माणूस. चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही.

पोती उचलली तेव्हाच मला हलकी लागली. माझ्या जुडीशेजारी तुमची ठेवली, तर तुमची काडीएवढी. मी आधी म्हटलं, कापूस तलम असेल. मग एक सोडून मोजली. एकशे आठ. दुसरी सोडली, एकशे आठ. चार दिवस दुपारचं अंग न टाकता मी तुमच्या तीनशे सत्तेचाळीस जुड्या मोजल्या. एकीतही एकशे सात नाहीत की एकशे नऊ नाहीत.

चुकून झालं असतं तर कुठे दोन कमी, कुठे पाच जास्त निघाल्या असत्या. हे ठरवून केलेलं आहे. एकशे आठ हा माळेचा आकडा, मलाही कळतो. तुमच्याकडे कीर्तनं-प्रवचनं पुष्कळ होतात, कुणी सांगितलं असेल की हाच पवित्र. किंवा आईंची बाराची रीत तुम्हाला जुनाट वाटली असेल. तसं होतं तर दोन ओळी लिहायच्या होत्या. मी जुड्यांची संख्या वाढवून दिली असती. नाहीतर मोजायला दुसऱ्या कुणाला बसवलंत? तेही लिहायला हवं होतं. आईंनी लेकीच्या हातच्या वाती मागितल्या होत्या.

आता हिशेब असा. तुमच्या सदतीस हजार चारशे शहात्तर, माझ्या पन्नास हजार एकशे बारा. लाखाला बारा हजार चारशे बारा कमी पडतात. अधिक महिना तीन आठवड्यांवर आला. मी माझ्या वाटच्या पुऱ्या केल्यात, पण एवढ्या आणखी एकटीने वळायच्या तर कधी पुऱ्या व्हायच्या, मला माहीत नाही.

आईंना हे बोललेले नाही. त्यांनी तुमच्या पोत्यावर हात ठेवून विचारलं, पुऱ्या आल्या का? मी म्हटलं, जुड्या पुऱ्या आल्या. ते खोटं नाही. पण जेवण गेलं नाही मला.

काय ते स्पष्ट कळवावं.

रंभा


अमळनेर, ३ जुलै २००४

रंभा,

तू मला वन्सं लिहिलंस. पोत्यांपेक्षा ते जास्त लागलं.

तुझं पत्र वाचून मी उजवा हात तोंडासमोर धरला आणि अंगठा पेरांवरून फिरवला. नऊ. परत फिरवला. नऊ. तीन महिने मी हेच केलं आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नाही. खरं सांगते, देवाशपथ, तुझं पत्र येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

माझी उजवी करंगळी गेलीय. होळीनंतर चार दिवसांनी. कडब्याची कुट्टी करायचं यंत्र असतं आमच्याकडे, हाताने फिरवायचं. कडबा अडकला म्हणून आत सारायला गेले. दत्ता म्हणाला होता, आई, तू नको करूस, मी आल्यावर करतो. पण म्हशी ओरडत होत्या. दवाखान्यात म्हणाले, बोट राहायचं नाही. मुळापासून काढलं. चष्मा फुटला नव्हता, हाताला पट्टी होती. प्रांजलला दम भरला होता की सांगेन तेवढंच लिही.

आणि वाती कशा चुकल्या, तेही सांगते. मी आकडा म्हणायचेच नाही. आईने शिकवलंय तसं तोंडात नाव, हाताला मोजू द्यायचं. अंगठा तिसऱ्या बोटाच्या खालच्या पेरावर यायचा, पुढे जायला बघायचा, पुढे काही नाही, तर परत पहिल्या बोटावर. हात भरला असंच वाटायचं. इतक्या वर्षांची सवय. पेरं संपली की हात झाला. डावा हात धड आहे, त्यावर बारा हात बरोबर धरले. बारा नव्वे एकशे आठ. माळ वगैरे काही मनात नव्हतं गं.

लपवलं कशासाठी ते विचारशील. डॉक्टरांनी आईला धक्का द्यायचा नाही म्हटलंय. दत्ताला सगळे बोल लावतील. हे दोन्ही खरं. पण तिसरं कारण मोठं आहे. आजी म्हणायची, व्रताला धड हात लागतो, व्यंग असलेल्या हाताचं देव घेत नाही. वेशीपलीकडच्या त्या एका डोळ्याच्या काकूंना हळदीकुंकवाला बोलवायचे, पण कलशाला हात लावू द्यायचे नाहीत. तूही पाहिलंयस. आणि तू सोवळ्याची कडक. माझं बोट गेलं कळल्यावर तू काय केलं असतंस, हे मला सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं तुला ओळखते, पण हे एक सांगता येत नव्हतं. म्हणून नाही लिहिलं.

नवस माझ्यासाठी बोललेला आणि माझ्याच हाताने मोडतोय. आता तू ठरव. नको असतील तर माझी पोती गाढी नदीत सोड. गल्लीतल्या बायकांना बसवून नव्याने वळून घे. त्यांचे हात धड आहेत. आईला माझं नाव सांगू नकोस म्हणजे झालं.

वेणू


॥ श्री ॥
पनवेल, ८ जुलै २००४

वेणू,

पत्र परवा दुपारी आलं. आई जाग्या होत्या, कुणाचं म्हणून विचारलं. मी तुझी पत्रं नेहमी मोठ्याने वाचते. ह्या खेपेला म्हटलं, विजेचं बिल आहे. दिवसभर ते कमरेला खोचून हिंडले.

तू विचारलंस ना, मी काय केलं असतं? मलाही ठाऊक नव्हतं. पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा तुझा हात डोळ्यांपुढे आला, पाटीवर माझ्या ओळीखाली ओळ ओढणारा. दुसऱ्यांदा आजीच आली. खोटं कशाला लिहू, दोन्ही आले. देवापुढे बसले तर मन लागेना. मग ठरवलं, नवस ज्यांनी बोलला त्यांनाच विचारायचं. धक्क्याची भीती होती. ह्यांना बाजूला बसवून घेतलं, गोळ्या जवळ ठेवल्या आणि सगळं सांगितलं.

आईंना धक्का वगैरे काही बसला नाही. त्या संतापल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला कुट्टी फिरवायला लावतात? दत्त्या कुठे होता? मी म्हटलं, तो नको म्हणत होता. मग संतापाचं तोंड तुझ्याकडे वळलं. लहानपणापासून ऐकायचं नाहीच कुणाचं, म्हशी ओरडल्या म्हणून काय मरत होत्या का? ह्यांनी पाणी दिलं. पाणी प्यायल्या आणि मग रडल्या. फार वेळ नाही.

मग मी माझी शंका विचारली. म्हटलं, आई, अशा हाताच्या वाती व्रताला चालतील ना? त्यांना दिसत नाही, पण त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"मी काय मागितलं होतं देवाकडे?" त्या म्हणाल्या. "पोरीचा जीव मागितला होता. बोटं मोजून नव्हती मागितली."

 मग त्यांनी तुझी एक जुडी मागवून घेतली, मांडीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, ह्या सगळ्या लावायच्या. आणि कमी पडतात त्या तिच्या वाटच्या आहेत, तिनेच वळायच्या, इथे बसून, माझ्यासमोर.

तेव्हा आता ऐक. हे शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतायत, तुला आणायला. जाण्याचं तिकीट काढलं, येण्याची दोन काढली. ती काही परत करता येत नाहीत, तेव्हा नाही म्हणून पैसे वाया घालवू नकोस. म्हशींचं दत्ता बघेल. आईंनी त्याला वेगळा निरोप दिलाय, तो मी लिहीत नाही.

मी नवीन हिशेब मांडला. तुझ्या हाताने मोजायच्या. बारा हजार चारशे बाराला एकशे आठाने भाग द्यायचा, तर एकशे चौदा जुड्या होऊन शंभर वाती राहतात. भाग जात नाही. वर घालू. एकशे पंधरा जुड्या. महिना पुरेल, आपण दोघी आहोत. आधी माझ्या आणि तुझ्या आहेत त्या लावत जायचं, मागून नव्या येत राहतील.

येताना कापूस आण. इथे महाग आहे.

तुझी,
रंभा


॥ श्री ॥
पनवेल, १८ ऑगस्ट २००४

वेणू,

तुझी गाडी गेली आणि हे स्टँडवरून परत आले, तेव्हा आईंनी पहिलं काय विचारलं असेल? डबा दिलात का तिला? डबा तू खाल्लास ना? भाकरी जरा कडक झाली होती.

रूपाच्या तापामुळे तुला अधिक संपायच्या चार दिवस आधी जावं लागलं, ह्याची चुटपुट मनात ठेवू नकोस. आता बरी आहे कळलं, बरं वाटलं. तू इथे होतीस ते दिवस आईंनी आणि मी पुरवून पुरवून वापरले. संध्याकाळी ओटीवर बसून आपण परवचा म्हणत होतो, तर समोरच्या इमारतीतली ती दोन मुलं कठड्यावरून ऐकायला उभी राहायची, आठवतं? काल त्यांतला एक विचारत होता, त्या बहिऱ्या आजी कधी येणार, एकोणतीसला पडणाऱ्या. मी म्हटलं, पडत नव्हत्या, मुद्दाम थांबत होत्या. खरं काय ते तुला ठाऊक.

आता मुख्य गोष्ट. तू गेलीस तेव्हा सात जुड्या व्हायच्या राहिल्या होत्या. त्या मी वळल्या. मोजायला बसले आणि पहिल्याच हाताला अंगठा बारापर्यंत गेला. सोडली ती जुडी, परत घेतली. तुझ्या मापाच्या करायच्या ठरल्या होत्या, तर तशाच व्हायला हव्या. करंगळी तळव्यात मिटून धरली आणि तीन बोटांवर मोजल्या. पहिल्या दिवशी हात दुखला. तिसऱ्या दिवसापासून मिटायची आठवण करावी लागली नाही. आईंना मी काही बोलले नव्हते. पण त्या शेजारी बसलेल्या, त्यांनी मध्येच हात पुढे करून माझ्या मुठीवरून बोटं फिरवली, करंगळी कुठे आहे ते पाहिलं, आणि हात तसाच माझ्या हातावर राहू दिला. मला मोजता येईना. म्हटलं, राहू दे थोडा वेळ, देव थांबेल.

सोमवारी शेवटची आरास लावली. ह्यांनी आईंना खुर्चीवर बसवून तुळशीपाशी नेलं. तेलाच्या मोठ्या पणतीत शेवटची जुडी ठेवली. ज्योत आधी मोठी झाली, मग स्थिर राहिली. आईंना ज्योत दिसत नाही, ऊन लागतं तसं तोंडावर लागतं म्हणाल्या. त्या शेवटपर्यंत बसल्या. विझल्यावर विचारलं, लाख झाल्या? मी म्हटलं, झाल्या. उरल्या किती? मी म्हटलं, आठ.

त्या आठ वाती मी लावणारच होते. वर घातलेल्या म्हणजे देवाच्याच. आई नको म्हणाल्या. देवाला बोलले होते तेवढ्या दिल्या, ह्या घरच्या. चार तिला पाठव, चार आपल्याला ठेव.

आपल्या चार मी काल तिन्हीसांजेला उंबऱ्यावर लावल्या. तुझ्या चार ह्या पत्रात घडी करून ठेवल्यात. कापूस तुझ्याकडचाच आहे, तूच येताना आणलेला. चारही एकदम लाव, आई म्हणाल्या तसं सांगते. आणि लावल्यावर कळव, त्या रोज विचारणार आहेत.

आईंची तब्येत अशी, की परवापासून मऊ भात नको म्हणतात, भाकरी मागतात. डॉक्टर म्हणाले, हळूहळू घ्या. आई म्हणाल्या, घाई कुणाला आहे?

तुझी,
रंभा

ता. क. पोस्टातून लिहिते. खिडकीवरच्या माणसाने पाकीट काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, मावशी, जाड झालंय, आणखी तिकीट लागेल. आत काय आहे विचारत होता. दोन पानं कमी करा म्हणाला. मी नाही केली. लागू दे.